इंग्रज कॉम्प्युटरमधली गणितं

आप्पांचा कॉम्प्युटर इंग्रज होता. आप्पांचा म्हणजे शाळेचाच; पण शाळेत त्याला हात लावणारे आप्पा एकटे, त्यामुळे सगळं गाव त्याला ‘सरांचा कॉम्प्युटर’ म्हणायचं. कुठल्याशा सरकारी योजनेतून विलायतेत बनलेली ती पिवळट रंगाची मशीन औसा तालुक्यातल्या एका मोठ्या गावच्या हायस्कुलात येऊन पडली होती. त्या गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘शाळेचं गाव’ म्हणत. आप्पा तिथे विज्ञान शिकवायचे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं लातूरहून जायचे आणि शनिवारी दुपारी धुळीनं माखून परत यायचे. मधले दिवस आई आणि मी भाड्याच्या तीन खोल्यांत एकमेकींशी भांडत काढायचो, आणि शनिवारी मात्र घरात येसराच्या आमटीचा वास सुटायचा, कारण आप्पांना ती लागायचीच.

उन्हाळ्याच्या सुटीत आप्पा मला कधीकधी शाळेच्या गावी न्यायचे. मशीन सुरू केली की आधी एक जाडसर आणि लगेच एक बारीक असा आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची. मला तो आवाज इतका आवडायचा की मी ती पुन्हा पुन्हा बंद-चालू करायची आणि आप्पा ओरडायचे. त्या मशीनवर आप्पांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं. त्यांनी गणितं लिहिली, भौतिकशास्त्राची. पुस्तकातल्या गणितांवर त्यांचा राग होता. ‘एक गाडी अमुक वेगाने जात आहे,’ असं वाचलं की म्हणायचे, “कुणाची गाडी? कुठं निघालीय? रस्ता कसला?” मग ते पोरांना गावात पिटाळायचे. देवळाच्या दीपमाळेची सावली मोजा, चढावर बैलगाडी किती वेळ घेते बघा, शाळेची घंटा वाजवा आणि दूर शिवारात उभं राहून आवाज कधी पोचतो ते टिपा. ज्या पोरानं मोजलं त्याचं नाव गणितात. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून आप्पा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. अशी शेकडो गणितं झाली होती. ती ठेवायच्या काळ्या चौकोनी, पातळ फ्लॉप्या ते दर शनिवारी घरी घेऊन यायचे, कारण शाळेत उंदीर फार. आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची राहायची सोय होती.

भूकंप झाला त्या पहाटे आप्पा लातूरला होते, गणपती बुडवायच्या सुटीवर, आणि फ्लॉप्याही घरी आलेल्या होत्या. घर हललं, आम्ही अंधारात बाहेर पळालो, आईनं एका हातात मला आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, दुधाचं पातेलं धरलं होतं. आमच्या घराचा थोडा गिलावा पडला, एवढंच. दुपारपर्यंत मात्र शाळेच्या गावाची बातमी आली. आप्पा पायांत चपला घालून स्टँडवर गेले आणि तासाभरानं परत आले. गाडी मिळाली नाही म्हणाले. गाड्या होत्या. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि आईलाही. पुढच्या आठवड्यात तिकडची माणसं लातूरच्या दवाखान्यात येत होती. ती आमच्या दारात थांबायची, आणि कोण राहिलं कोण गेलं ते सांगायला लागली की आप्पा हात वर करायचे. “नको. नावं नकोत.” शाळा बसली होती, मशीन तिच्याखाली होती. आप्पांनी आधी रजा टाकली, मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि ते त्या गावाला परत म्हणून गेले नाहीत.

त्या वर्षी घरात फार शांतता होती. आई रोज झोपताना पालथ्या तांब्यावर वाटी ठेवायची. जमीन जरा हलली तरी वाटी खळकन पडावी आणि आपण जागं व्हावं म्हणून. वाटी मांजरानं पाडली तरी आम्ही अंगणात. आप्पा तेवढे उठायचे नाहीत. ज्या माणसाला साधा पोहे खायचा चमचा दिला तरी तो बोटावर तोलून त्याचा मध्य कुठे आहे ते सांगायचा, तो माणूस आता भिंतीला पाठ लावून नुसता बसायचा. मला राग यायचा. दुःखाचा मान ठेवायचं ते वय नसतं. मला वाटायचं, हे आपल्यापुढं बसलेत खरे, पण शाळेच्या गावी कोण आहे आणि कोण नाही हे कळू नये म्हणून ते कुठंच नाहीत. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला आलेय आणि तरी मला तसंच वाटतं.

मी डिप्लोमाला नांदेडला गेले, इलेक्ट्रॉनिक्सला. राहायला मावशीकडे. त्या काळी नांदेडात आणि लातुरात एकच पीक जोमात होतं, ते म्हणजे क्लास. बारावीच्या पोरांनी गल्ल्या भरल्या होत्या. मंगल कार्यालयात लग्नाच्या तारखा नसतील तेव्हा क्लास भरायचे आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर केमिस्ट्रीचे सर बसायचे. मावशीनं गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या होत्या आणि तिथे किनवट-माहूरकडची पोरं राहायची. पहाटेपासून वरून पाठांतराचा गुंजारव चालू. मावशी सकाळी सगळ्यांच्या नाश्त्याला परातभर सुशीला करायची, चुरमुरे भिजवता भिजवता वर बघून ओरडायची, “काय करून राहिले रे? पाठ करता का भजन करता? खाली या, गार होऊन राहिलं!” ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, पण ऐकून ऐकून तिला न्यूटनचे तिन्ही नियम येत.

मावशीच्या घरामागेच बिराजदार सरांचा क्लास होता. बिराजदार सर चाळिशीचे, गोल, सतत घाईत. त्यांनी एका शिक्षक-शिबिरात आप्पांना सायकलच्या चाकावरून तासभर शिकवताना पाहिलं होतं. मी त्यांची मुलगी हे कळल्यावर त्यांनी मला हाफिसात बोलावलंच. “तुमच्या आप्पांना आणा ओ ताई. मला फिजिक्सला माणूस न्हाई. पोरं लई हुशार येऊन राहिलीत, पण सगळी पाठांतरवाली. दिवाळीनंतर माझी रिव्हिजन बॅच हाय. आणि त्यांची ती गणितं हायेत ना कॉम्प्युटरमधली? ती आणा. माझ्याकडं कॉम्प्युटर हाय, प्रिंटर हाय. दर रविवारी पेपर काढू.” त्यांच्या टेबलावर नवा देशी जोडणीचा पीसी होता, प्लास्टिकची टोपी घातलेला, बाजूला उदबत्तीचं घर.

मी लातूरला जाऊन हे सांगितलं तेव्हा आप्पा नाही म्हणतील असं मी धरूनच चालले होते. त्यांनी उठून फडताळातून तो पत्र्याचा डबा काढला, वरची एक फ्लॉपी माझ्या हातात ठेवली. “उघडते का बघ. उघडली तर मी येतो शिकवायला. न्हाई उघडली तर पुन्हा विषय काढायचा न्हाई.” वर्षभरात ते इतकं सलग बोलले नव्हते. मला क्लासशी काही देणं-घेणं नव्हतं. मला माझे आप्पा उठून हवे होते, आणि त्यांनी स्वतःच त्याची किल्ली माझ्या हातात दिली होती, फक्त कुलूप कुठलं ते मला माहीत नव्हतं.

फ्लॉपी बिराजदार सरांच्या पीसीत बरोबर बसली. तोच आकार, तीच खाच. पण आतून नुसती घरघर आली आणि पडद्यावर आलं की ही वाचता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी मला समजावलं. म्हणाले, उर्दू शाळेतली वही आणि मराठी शाळेतली वही एकाच दुकानातून येते, पण एक उजवीकडून लिहितो आणि एक डावीकडून, तसंच हे. चकती तीच, पण दोन्ही मशिनी तिच्यावर वेगळ्या रीतीनं लिहितात. मग काय करायचं? तर म्हणाले, तसलीच जुनी मशीन मिळव, तिच्याकडून वाचून घे, आणि तिला वायरीनं पीसीशी बोलायला लाव. बोलायला लाव! मी त्या दिवशी जेवले नाही नीट. दोन मशिनी एकमेकींची भाषा न कळता एका तारेवरून काय बोलत असतील, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच शनिवारी मी फ्लॉपी लातूरला परत डब्यात ठेवून आले, आणि तसली मशीन मिळेपर्यंत ‘उघडली नाही’ असं धरायचं नाही हे आप्पांकडून कबूल करून घेतलं.

चौकशी केल्यावर कळलं, तसली मशीन चाकूरच्या एका शाळेत होती. नांदेड-लातूर एसटी रोज त्या गावावरून जायची आणि मी इतके महिने खिडकीतून तिथला भजीवाला बघत होते. हेडमास्तर सय्यद सर, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं फार अदबीचं. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. मशीन होती, पण थर्माकोलमध्ये, आली तशी. इतक्या वर्षांत कुणी ती बाहेर काढली नव्हती. “खराब झाली तर जिम्मेदारी कुणाची, बेटा? इथून हलवायचा सवाल बिलकुल न्हाई. जड वस्तूंच्या रजिस्टरात नोंद हाय. तुम्हाला काय करायचं ते याच खोलीत करा, दिवाळीच्या सुटीत, माझ्या नजरेसमोर.” म्हणजे मशीन पीसीकडे येणार नव्हती, पीसीलाच मशीनकडे जावं लागणार होतं. बिराजदार सरांनी कपाळाला हात लावला आणि जीप ठरवली. सय्यद सरांनी मला मशिनीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तेवढं वाचू दिलं, तेही हात धुऊन, त्यांच्यासमोर बसून. त्या पुस्तकात मला हवी ती गोष्ट सापडली. ही मशीन मागच्या एका गोल भोकातून प्रिंटरला अक्षरं पाठवू शकत होती. समोर प्रिंटरच आहे की आणखी कुणी, हे तपासायची तिला सवय नव्हती. मी ठरवलं, तिला फसवायचं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चाकूरला जमलो. नांदेडहून जीपमध्ये बिराजदार सर आणि मी, आमच्या मध्ये मावशीच्या दोन गोधड्यांत गुंडाळलेला पीसी. लातूरहून एसटीनं आप्पा आणि आई. फ्लॉप्या आप्पा कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते, म्हणून स्वतः आले, आणि त्यांच्या मांडीवर डबा. आईच्या पिशवीत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि शंकरपाळे. सय्यद सरांनी खोलीबाहेर चपला काढायला लावल्या. थर्माकोल निघाला, मशीन टेबलावर आली, बटण दाबलं, आणि तो जाड आणि बारीक आवाज आला. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि डब्यावरची बोटं घट्ट झाली होती.

पहिली फ्लॉपी घातली. खरखर, खरखर आणि चूक. दुसरी. खरखर आणि चूक. मी फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. त्या फ्लॉपीला मधे एक लांबट खिडकी असते, तिथूनच आतली चकती दिसते आणि तिथूनच मशीन ती वाचते. त्या खिडकीत ठसठशीत कुंकू होतं. वर हळदीचं बोट, आणि कडेला अडकलेला तांदळाचा दाणा. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांवर.

“आई,” मी म्हणाले, “हे काय?”

“खंडेनवमीची पूजा,” आई म्हणाली. आमच्याकडे नवमीला घरातली सगळी हत्यारं पूजतात. विळी, कात्री, शिवणयंत्र, आप्पांची फूटपट्टी सुद्धा. “औंदा या फ्लॉप्यांवर काम यायचं होतं म्हणून मांडल्या. कागदाच्या पाकिटातून काढल्या, झाकल्या वस्तूची पूजा होत न्हाई. आणि बोट कुठं लावायचं? सगळं काळं. ती एकच उघडी जागा होती, कपाळासारखी.”

त्या दसऱ्याला मी प्रॅक्टिकलसाठी नांदेडात होते, नाहीतर आरडाओरडा केला असता. बिराजदार सर पंख्याकडे बघत होते. आईनं एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिचं तोंड इतकं उतरलं की मला रडू आलं. “मी तर राखायला लावलं होतं,” ती म्हणाली. मला वाटलं आता आप्पा उठतील, डबा उचलतील आणि एसटीत जाऊन बसतील. ते उठले खरे, पण माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी ती खिडकी निरखली आणि विचारलं, “चकती कसली आहे? प्लास्टिकची ना? मग धुतली तर?”

हा प्रश्न जुन्या आप्पांचा होता. मीही कॉलेजात कुठंसं ऐकलं होतं की चकती बाहेर काढून धुता येते. फक्त घासायची नाही आणि बोटं लावायची नाहीत. पण चकतीवरचं काळं चौकोनी पाकीट चिकटवलेलं असतं, ते कापावं लागणार, आणि धुतलेली चकती घालायला दुसरं स्वच्छ पाकीट हवं. तसं पाकीट होतं एकाच ठिकाणी, सय्यद सरांच्या कपाटात, मशिनीबरोबर आलेल्या कोऱ्या फ्लॉप्यांच्या खोक्यात. खोक्याचं सील शाबूत होतं. सय्यद सरांनी ते खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत ठेवलं. मग आप्पांना विचारलं, “सर, तुम्ही त्या गावच्या शाळेत होता, न्हाई का?” आप्पांनी मान हलवली. सय्यद सरांनी नखानं सील फोडलं. “एक घ्या. बाकीच्यांना हात लावू नका. एकच पाकीट सगळ्यांना पुरेल, एकेक घालून काढा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रजिस्टरात लिहीन मी, कामी आली म्हणून.”

शाळेच्या हातपंपावर आईनं रिठ्याच्या पाण्यात एकेक चकती बुडवली. रिठा चाकूरच्या बाजारातून बिराजदार सर स्वतः आणायला गेले होते, त्यांना काहीतरी करायचं होतंच. इरकली साडी धुवावी तशी ती हलक्या हातानं चकती हिंदकळवायची, कुंकवाचा गुलाबी धूर पाण्यात उठायचा, मग मी ती स्वच्छ पाण्यातून काढून आप्पांच्या धोतराच्या मऊ तुकड्यावर वाळवायची. व्हरांड्यात काळ्या तपकिरी चकत्या पापडासारख्या मांडलेल्या बघून रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबायला लागली. एकानं विचारलं, “काय घातलंय वाळायला?” बिराजदार सर म्हणाले, “गणितं.”

पहिली वाळलेली चकती नव्या पाकिटात सरकवली आणि मशीननं ती वाचली. मी आईला मिठी मारली, तिच्या ओल्या हातांसकट. एक फ्लॉपी मात्र शेवटपर्यंत गेलीच, कुंकू फिरून फिरून तिच्यावर ओरखडा उठला होता. आईला ते आयुष्यभर लागलं. सण आला की ती विषय काढायची, ‘ती एक गेली ना माझ्यामुळं’ म्हणून, आणि आप्पा दरवेळी सांगायचे की राहिलेल्या तुझ्या हातच्या धुण्यामुळं आल्या.

आता वायर. मशीनच्या गोल भोकात बसणारी पिन नांदेडात मिळाली नव्हती, म्हणून मी तारांची टोकं सोलून आगपेटीच्या काड्यांनी भोकांत घट्ट बसवली. एक तार बोलायची, एक ऐकायची, एक नुसती जमिनीची, अर्थिंगची. मशीनला सांगितलं, तुझा प्रिंटर या भोकात आहे, छाप. पीसीला सांगितलं, या तारेवर जे येईल ते लिहून ठेव. काहीच आलं नाही. मग लक्षात आलं, दोघांच्या बोलायच्या तारा मी एकमेकींना जोडल्या होत्या. दोघी नुसत्या बोलत होत्या, ऐकत कुणीच नव्हतं. “आपल्या घरासारखं,” आई म्हणाली. तारा उलट केल्या. आता आलं, पण चिन्हांचा कचरा, हसरे चेहरे आणि पत्त्यांतले बदाम. आप्पा माझ्या मागे खुर्ची ओढून बसले होते. “वेग बघ. हा इंग्रज भरभर बोलतोय आणि पीसीला सावकाश ऐकायची सवय.” मी दोघांचा वेग खाली आणला, अगदी खाली, आणि पुन्हा छाप म्हटलं.

मग पीसीच्या पडद्यावर, कुणीतरी आतून हळूहळू टाइप करावं तशी, एकेक अक्षर करत ओळ उमटली. शिवानं खंडोबाच्या आडात दगड सोडला. दगड पाण्यावर पडल्याचा आवाज त्यानं घड्याळावर टिपला. आड किती खोल? त्याखाली पुढची ओळ. त्याखाली आणखी. इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी बिराजदार सर अडखळत मोठ्यानं वाचत होते, सय्यद सरांनी चष्मा चढवला होता, आणि मी फक्त अक्षरं मोजल्यासारखी बघत होते. एकही गळत नव्हतं. मशीनला शेवटपर्यंत वाटत होतं की ती कागदावर छापतेय. आयुष्यात पुढं मी मोठमोठ्या जागी कामं केली, पण तशी खुशी मला परत झाली नाही.

दुपार कलली तेव्हा सगळ्या चांगल्या फ्लॉप्या पीसीत आल्या होत्या. बिराजदार सर गणितं वर-खाली करून बघत होते. “सर, लई भारी. एकदम वेगळं. फक्त उत्तरं कुठल्या फाइलीत हायेत?”

“उत्तरं न्हाईत,” आप्पा म्हणाले.

“म्हणजे?”

“उत्तर मी कधी लिहिलं न्हाई. गणित सोडवायचं आणि मग बरोबर आलं का ते जाऊन बघायचं. आडात दोर सोडायचा. पोरंच बघायची, उत्तर त्यांच्यापाशीच राहायचं. उत्तरं गावात होती.”

बिराजदार सर वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. ते म्हणाले, “काही हरकत न्हाई सर, आपण काढू. सूत्र घातलं की येतंय. आणि ही नावंगावं काढून टाकू, एक दगड, एक विहीर, असं करू. ताईंना सांगा, कॉम्प्युटर एका दमात बदलून देतो.” कॉम्प्युटर खरंच तसं देऊ शकत होता. मला ती आज्ञा येत होती. मी आप्पांकडे वळले. ते पडद्यावरची नावं वाचत होते. वर्षभर ज्यांच्यासाठी त्यांनी हात वर केला होता ती सगळी आता एकाखाली एक त्यांच्यापुढं आली होती आणि हात वर करून थांबण्यासारखी नव्हती. ते किती तरी वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “सूत्रानं काढलेलं बरोबर आहे का, हे कोण सांगणार? बिराजदार, हे सगळं मला कागदावर छापून द्या. नावांसकट. मला जायला लागेल.”

आई धपाटे बांधत होती. तिनं मान खाली घातली आणि पदरानं डोळे पुसले.

ते जीपमधून आमच्याबरोबरच नांदेडला आले, बिराजदारांच्या प्रिंटरमधून कर्रकर्र करत निघालेला कागदाचा लांबलचक पट्टा त्यांनी स्वतः घडी घालून पिशवीत ठेवला. क्लास लागायला अजून वेळ होता. आई चाकूरहूनच लातूरला परतली होती; आप्पा आणि मी औशापर्यंत एसटीनं गेलो, तिथून पुढं काळीपिवळीत बसून. शाळेचं गाव जिथं होतं तिथं गाडी थांबत नव्हती. ती पुढं पत्र्याच्या शेडच्या वस्तीशी थांबली. ओळीनं सारखी शेडं, मधून कच्चा रस्ता, पलीकडे नव्या घरांचे अर्धे बांधलेले खांब. आप्पा उतरले आणि रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, ते आता गाडी नाही मिळाली म्हणून परत फिरतील.

हातपंपावर एक बाई घागर भरत होती, कडेवर मूल. तिनं आमच्याकडे बघितलं आणि घागर तशीच ठेवून जवळ आली. “सर?” ती म्हणाली. “सरच की. मी संगीता, सर. दहावी ब.” ती वाकली, आप्पांच्या पाया पडली आणि उभी राहिल्यावर तिचं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या कागदाकडे गेलं. आप्पांनी घडी उलगडून तिच्यापुढं धरली. तिनं पहिली ओळ वाचली, इंग्रजी अक्षरांतली, सावकाश, ओठ हलवत.

“हे शिवाचं,” ती म्हणाली. “शिवा न्हाई राहिला, सर.”

“हो का,” आप्पा म्हणाले. ते पहिलं नाव त्यांनी ऐकलं.

“त्याच्या घरचं कुणीच न्हाई राहिलं.” तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “पण त्या दिवशी आडात दोर सोडला तवा वरचं टोक मी धरलं होतं. त्यो खाली वाकून बघत होता. त्याचं उत्तर मला ठावं हाय.”

आप्पा हातपंपाच्या ओल्या ओट्यावर बसले. त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला, खिशातलं पेन काढलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिच्याकडे बघून म्हणाले, “सांग.”